जिवाणूंची उत्क्रांती – लेखांक ७ : एका औषधाने क्षय का हटेना?

मागच्या आठवड्यात आपण औषधरोधाची जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे कशी पोचतात ते पाहिले. क्षयाच्या जिवाणूला ही देवघेव जमत नाही. शेजाऱ्याकडून उसने घेण्याची त्याला सोयच नाही. जो काही रोध मिळवायचा तो स्वतःच्या डीएनएची नक्कल करताना होणाऱ्या चुकांमधून. त्यात त्याची वाढही भलतीच सावकाश. प्रयोगशाळेत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला वीसेक तास लागतात. असा मंद, एकलकोंडा जीव औषधांपुढे केव्हाच हरायला हवा होता.

१९४७ साली ब्रिटनमध्ये तशी आशा वाटतही होती. स्ट्रेप्टोमायसिन अमेरिकेत सापडून चारच वर्षे झाली होती आणि युद्धाने खंक झालेल्या ब्रिटनकडे ते भरपूर आणायला डॉलर नव्हते. मग होते तेवढे औषध कोणाला द्यायचे, हे मेडिकल रिसर्च कौन्सिलने डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने ठरवले. ५५ रुग्णांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी औषधवाल्यांपैकी ४ जण दगावले होते, इतरांपैकी १४. वैद्यकाच्या इतिहासात ही चाचणी गाजली ती या आकड्यांमुळे. पाच वर्षांनंतरचे आकडे मात्र फारसे कोणी सांगत नाही : औषधवाल्यांपैकी ३२ मृत्यू, विश्रांतीवाल्यांपैकी ३५. सुरुवातीला वजन वाढलेली, ताप उतरलेली माणसे पुन्हा ढासळली होती आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या थुंकीतल्या जिवाणूंवर स्ट्रेप्टोमायसिन चालेनासे झाले होते.

‘औषधाची सवय झाली’ असे आपण म्हणतो, पण इथे सवय कोणालाच झालेली नसते. ना शरीराला, ना जिवाणूला. क्षयाने फुफ्फुसात पोखरलेल्या एका मोठ्या पोकळीत दहा कोटींच्या घरात जिवाणू असू शकतात. आयसोनियाझिड या औषधाला दाद न देणारा जिवाणू साधारण दहा लाखांत एखादा असतो. म्हणजे पहिली गोळी पोटात जाण्याआधीच त्या पोकळीत असे शंभरेक जण हजर असतात. औषध त्यांना घडवत नाही. ते बाकीच्यांना मारून यांच्यासाठी जागा मोकळी करते, आणि मग सावकाश वाढणाऱ्यालाही घाई नसते.

यावरचा उपाय अंकगणितात होता. रिफॅम्पिसिन या दुसऱ्या औषधाला पुरून उरणारा जिवाणू दहा कोटींत एखादा. दोन्ही औषधांतून एकाच वेळी सुटणारा हवा असेल तर कोटीला कोटीने गुणावे इतक्या जिवाणूंमागे एक, आणि तेवढे जिवाणू कुठल्याही छातीत मावत नाहीत. क्षयाच्या रुग्णाला सुरुवातीला चार-चार औषधे का देतात, याचे मोठे कारण हेच.

पण हे गणित औषधे एकदम दिली तरच जमते. एक औषध चालत नाही म्हणून त्यात दुसरे घातले, महिन्याभराने तिसरे, तर जिवाणूसमोर दर वेळी नवे असे एकच औषध उभे असते. प्रत्येक पायरी त्याला सुटी सुटी चढता येते. औषधरोधाचा सगळा दोष ‘कोर्स अर्धवट सोडणाऱ्या’ रुग्णाच्या माथी मारायची आपल्याकडे रीत आहे. मला ती अन्यायाची वाटते. मुंबईत धारावीतल्या शंभरेक खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० वेगवेगळे औषधक्रम लिहून दिल्याचे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. जवळपास वीस वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा १०६ डॉक्टरांचे ६३ औषधक्रम निघाले. रुग्णाने यातली प्रत्येक गोळी इमानेइतबारे घेतली असती, तरी काय झाले असते?

आता जिवाणूच्या आत डोकावू. आयसोनियाझिडची गंमत अशी की गोळीतले औषध स्वतः निरुपद्रवी असते. ‘कॅट-जी’ या जनुकापासून बनणारे जिवाणूचेच एक विकर त्याला विषारी रूप देते. चोर आपल्याच घरातल्या किल्लीने तिजोरी उघडत असेल तर किल्लीच विहिरीत फेकावी, तसे काही जिवाणूंनी हे जनुक गमावले आणि ते वाचले. हे १९९२ मध्ये उलगडले. पण किल्ली फेकणे महागात पडते, कारण आपल्या पेशी जिवाणूवर जो पेरॉक्साइडचा मारा करतात तो हेच विकर परतवते. म्हणून रुग्णांमध्ये सर्वाधिक आढळतो तो वेगळाच बदल : विकरातल्या ३१५व्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदललेले. औषध विषारी होत नाही, आणि पेरॉक्साइडपासूनचा बचावही बराचसा टिकतो.

रिफॅम्पिसिनचा रोध बहुतेकदा ‘आरपीओ-बी’ जनुकाच्या ८१ अक्षरांच्या एका तुकड्यात सापडतो. त्यामुळे जिवाणूची वाढ कधी कधी मंदावते, पण पुढे दुसऱ्या जनुकांत झालेले बदल ही तूट भरून काढतात. असा सावरलेला जिवाणू खोकल्यातून पसरतो, आणि क्षयाची एकही गोळी कधी न घेतलेल्या माणसालाही पहिल्या दिवसापासून रोधवाला क्षय होतो.

क्षयाच्या तपासणीसाठी वापरले जाणारे सीबीनॅट यंत्र थुंकीच्या नमुन्यातला हाच ८१ अक्षरांचा तुकडा तपासते आणि दोनेक तासांत निकाल देते. ‘कॅट-जी’कडे मात्र ते पाहत नाही. फक्त आयसोनियाझिडला न जुमानणारा जिवाणू या चाचणीत ‘साधा क्षय’ म्हणून पुढे सरकतो, आणि वेगळी चाचणी झाली नाही तर चार औषधांतले एक सुरुवातीपासूनच निकामी असल्याचे कोणाला कळत नाही.