भिंतीतील जॅक आणि आठ तारांचा हिशेब

इतवारी, गांधीबाग परिसरातील जुन्या घरांची रचना वाचकांच्या परिचयाची आहे : खाली पेढी, मागे गोदाम आणि वर कुटुंबाचा निवास. तेथील जाडजूड भिंती ओलांडताना वायफायच्या लहरी क्षीण होतात. मासिक विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यास 20 तारखेच्या रात्री, जीएसटीआर-3बी अर्ध्यावर अडकल्यावर, याची किंमत विलंबशुल्काच्या रूपाने कळू शकते. अशा घरात भिंतीतून नेटवर्कची तार नेऊन खोलीखोलीत जॅक बसविणे हा खात्रीचा उपाय होय.

काम घरच्या तरुणास जमण्याजोगे आहे. मात्र त्यात एक चूक अशी आहे, की जी तपासणीतही सापडत नाही.

कॅट-6 केबलमध्ये आठ तारा असतात, त्यांच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीस पीळ. हा पीळ शोभेचा नव्हे. ग्रॅहॅम बेल यांनी 1881 मध्ये टेलिफोनसाठी त्याचे पेटंट घेतले होते. पिळलेल्या दोन्ही तारांवर बाहेरचा व्यत्यय सारखाच पडतो व परस्पर वजा होतो. म्हणून जॅकमध्ये तारा बसविताना पीळ 13 मिलिमीटरपेक्षा अधिक उलगडू नये.

तारांचे क्रम दोन, 'ए' आणि 'बी'. कोणताही निवडावा, पण दोन्ही टोकांस तोच. 'बी' क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. येथे हिरवी जोडी तिसऱ्या व सहाव्या स्थानी विभागलेली दिसते. हा टेलिफोनचा वारसा : मधली दोन स्थाने पहिल्या लाइनची, त्यांच्या दोन्ही बाजूंची दुसरीची. हे ठाऊक नसलेला मनुष्य रंगांच्या जोड्या ओळीने लावून मोकळा होतो. दोन्ही टोकांस एकच चूक झाल्याने साध्या टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात. परंतु तिसऱ्या व सहाव्या स्थानी आता दोन निरनिराळ्या जोड्यांच्या तारा असतात, पिळाचा लाभ नष्ट होतो आणि वेग कोसळतो. हिशेबनीसास हे नवे नाही : तेरीज जुळते, नोंद मात्र भलत्याच खात्यावर गेलेली असते.

हा पाठ केलेला क्रम केबलच्या टोकाच्या प्लगसाठी. भिंतीतील जॅकवर खाचांची मांडणी कंपनीगणिक निराळी असते, तेथे छापलेल्या रंगपट्टीवरच विश्वास ठेवावा. तारा पंच टूलने खाचेत दाबाव्यात. स्क्रूड्रायव्हरने दाबल्यास खाच फाकते. एखादी तार सुटली तर 1000 एमबीपीएसचा वेग बहुधा 100 वर येतो, कारण मोठ्या वेगास चारही जोड्या लागतात.

केबलच्या खरेदीत काटकसर नको. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा केवळ मुलामा असतो. पात्याने खरवडल्यास आत पांढरट धातू दिसतो. अशी तार लवकर तुटते, आणि तिच्यावरून कॅमेऱ्यास वीज दिल्यास अधिक तापते. गच्चीवरून न्यावयाची असेल तर उन्हात टिकणाऱ्या आवरणाचीच घ्यावी. नागपूरच्या वैशाखात साधे आवरण तडकते. विजेच्या तारांच्या पाइपातून ती कदापि नेऊ नये.

जॅकमागील डब्यात वीतभर तार शिल्लक ठेवावी, म्हणजे चूक झाल्यास टोक कापून पुन्हा बसविता येते. पेढीतील टोकावर कोणती तार कोणत्या खोलीची, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.