'उमवि'ची 'कबचौउमवि' कशी झाली? विद्यापीठाच्या नावामागची गोष्ट

धरणगावहून पाळधीमार्गे जळगावला निघालं की बांभोरीजवळ, गिरणेच्या काठी विद्यापीठ लागतं. नाव विचारलं तर जुने लोक 'उमवि' म्हणतात, पेपरवाले 'कबचौउमवि' लिहितात. पूर्ण नाव आहे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ.

15 ऑगस्ट 1990 ला हे विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणजे मार्कशीटमधल्या एका दुरुस्तीसाठीही पुणं गाठायचं. नाव ठेवलं 'उत्तर महाराष्ट्र', पण गंमत अशी की नाशिक जिल्हा पुण्याकडेच राहिला. जळगाव, धुळे आणि 1998 मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार, एवढाच याचा कारभार. मग सरळ 'खानदेश' का नाही, हा प्रश्न तेव्हापासून आहे.

बहिणाबाईच का?

बहिणाबाईंचा जन्म 1880 मध्ये आसोद्याचा, सासर जळगावचं. शाळेत त्या कधी गेल्याच नाहीत. जात्यावर, शेतात सुचलेल्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि इतरांनी कागदावर उतरवल्या. 3 डिसेंबर 1951 ला त्या गेल्या आणि 1952 मध्ये आचार्य अत्रेंच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. त्यांची भाषा अहिराणी की लेवा गणबोली, यावर खानदेशात आजही तावातावाने वाद होतो. जिला सही करता येत नव्हती तिचं नाव पदवीवर, हे मला तरी या सगळ्यातलं सर्वात भारी वाटतं. (बालकवी आमच्या धरणगावचे, त्यांचं काय, असं इथे कुणीतरी विचारणारच!)

नाव बदलायला कायदा लागतो

विद्यापीठांची नावं 'महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016' मध्ये लिहिलेली आहेत. त्यामुळे कुलगुरूंनी ठरवून नाव बदलत नाही, कायद्यात दुरुस्ती करावी लागते. 2018 मध्ये देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असताना ती झाली आणि ऑगस्टमध्ये नवं नाव लागलं. जुनं नाव काढलं नाही, पुढे जोडलं. यालाच 'नामविस्तार' म्हणतात.

हा शब्द मराठवाड्याने फार महाग किमतीत कमावलाय. 1978 मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, तर दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडलं. त्या मानाने जळगावचा बदल शांततेत पार पडला.

वाद फक्त आपल्याकडेच होतात असं नाही. स्कॉटलंडच्या एडिनबरा विद्यापीठाने 2020 मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचं नाव आपल्या टॉवरवरून काढलं, कारण त्याचं वंशाबद्दलचं लिखाण. तिथे नाव पुसण्यावरून भांडण, इथे जोडण्यावरून.

आणि आता लांबीवरूनही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं नाव 'छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ' करा, ही मागणी 2025 मध्ये जोरात होती. विरोध करणारे म्हणाले, नाव लांबलं की लोक आद्याक्षरं वापरतात आणि ज्याचं नाव दिलं तोच गायब होतो. 'कबचौउमवि' वाचून बहिणाबाई आठवतात का, हे जळगावात येऊन कुणालाही विचारा.