पासवर्डविना दूरस्थ संगणकप्रवेश : सिक्युअर शेलमधील किल्लीपद्धती

बीड किंवा अंबाजोगाई येथील महाविद्यालयात बसून पुण्याच्या संगणकावर गणनकार्य करणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. पुढे राष्ट्रीय महासंगणन अभियानांतर्गत तेथील आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' उभा राहिला. अशा यंत्रापुढे वापरकर्ता प्रत्यक्ष बसत नाही, तो जाळ्यामार्फत आपल्या खात्यात शिरतो. हा प्रवेश दर वेळी पासवर्ड न टाकता, तरीही सुरक्षितपणे कसा होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

टेलनेटमध्ये पासवर्ड उघड्या अक्षरांत प्रवास करीत असे. आरलॉगिनमध्ये पासवर्डविना प्रवेश मिळे खरा. परंतु तो समोरच्या संगणकाच्या नावावर विसंबून, म्हणजे केवळ ओळख सांगणाऱ्यास दार उघडण्यासारखा. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेल्यानंतर तातू युलोनेन यांनी सिक्युअर शेल ही आज्ञावली लिहिली. १९९९ मध्ये ओपनबीएसडी गटाने तिचा मुक्त अवतार, ओपनएसएसएच, प्रसिद्ध केला.

यात किल्ल्यांची जोडी असते. 'एसएसएच-कीजेन' या आज्ञेने ती आपल्याच संगणकावर तयार होते. प्रकार एडी२५५१९ निवडावा. खासगी किल्ली आपल्यापाशीच राहते. सार्वजनिक किल्ली ही एक ओळ असून ती दूरच्या खात्यातील 'ऑथोराइज्ड कीज' या फाइलमध्ये जोडावयाची असते. 'एसएसएच-कॉपी-आयडी' हे काम शेवटचा पासवर्ड विचारून उरकते. जोडणीच्या वेळी आपला संगणक त्या सत्रापुरत्या मजकुरावर खासगी किल्लीने सही करतो आणि सर्व्हर सार्वजनिक किल्लीने ती पडताळतो. खासगी किल्ली जाळ्यावर कधीच जात नाही.

सर्व करूनही सर्व्हर पासवर्डच मागतो, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. कारण बहुधा परवानग्यांत असते. घर-निर्देशिका अथवा किल्ल्यांची निर्देशिका इतरांना लिहिण्यास खुली असल्यास सर्व्हर त्या फाइलवर विश्वास ठेवत नाही आणि वापरकर्त्यास कारणही सांगत नाही. ते सर्व्हरच्या नोंदवहीत सापडते. निर्देशिकेस ७०० व फाइलीस ६०० ही परवानगी द्यावी. पहिल्या जोडणीस सर्व्हरचा अंगुलिठसा दाखविला जातो. तो न वाचताच 'होय' म्हणण्याची सवय सार्वत्रिक आहे. वस्तुतः तो व्यवस्थापकाकडून पडताळून घ्यावा.

आपल्याकडील प्रयोगशाळांत एका खात्यावर अनेक विद्यार्थी बसतात. तेथे परवलीच्या वाक्याविना ठेवलेली खासगी किल्ली म्हणजे त्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकास दिलेला प्रवेश होय. किल्लीस परवलीचे वाक्य द्यावे. 'एसएसएच-एजंट' ते सत्रातून एकदाच विचारतो, त्यामुळे सोय कमी होत नाही. सर्व्हरवरील पासवर्डप्रवेश बंद करताना जुने सत्र उघडे ठेवून दुसऱ्या खिडकीतून किल्लीने प्रवेश होतो की नाही हे आधी पाहावे. यंत्र पुण्यात आणि आपण बीडमध्ये असताना दार आतून बंद झाल्यास व्यवस्थापकास दूरध्वनी करण्यावाचून गत्यंतर नसते.

एक गोष्ट मात्र कित्येकदा ध्यानात येत नाही. खात्याचा पासवर्ड बदलल्याने जोडलेली किल्ली रद्द होत नाही. प्रकल्प सोडून गेलेल्या विद्यार्थ्याची अथवा हरवलेल्या लॅपटॉपवरील किल्लीची ओळ त्या फाइलमधून हातानेच काढावी लागते. याकरिता प्रत्येक ओळीच्या शेवटी धारकाचे नाव व वर्ष लिहून ठेवावे.