आजोबांच्या घड्याळाचे मोल

मुंबईहून आगबोटीने धरमतरला उतरायचे आणि तिथून टांग्याने नाहीतर मोटारीने पेण गाठायचे, असा प्रवास ज्या पिढीने केला तिच्या कोटाच्या खिशात पुष्कळदा एक गोल घड्याळ असे. अछोडा बटणात अडकवलेला. (अछोडा हा शब्दही आता त्या साखळीबरोबर दिसेनासा झाला आहे.) ती घड्याळे अजून कित्येक घरी ट्रंकेच्या तळाशी पडून आहेत. वाटण्यांची वेळ आली की ती बाहेर निघतात.

धरमतरच्या एका परिचितांकडे असेच झाले. थोरल्याने ‘सोन्याचे’ घड्याळ घेतले म्हणून धाकट्याने जमिनीत दोन गुंठे जादा मागितले. दोघे भाऊ महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. तबकडीवर अक्षरे होती ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’, खाली मुंबई व कलकत्ता. त्यावरून घड्याळ मुंबईतच बनले, असे सारे घर समजत होते.

तबकडीवरचे नाव पुष्कळदा विकणाऱ्याचे असते. या कंपनीच्या पेढ्या मुंबई-कलकत्त्याला. घड्याळे मात्र यायची स्वित्झर्लंडहून. घड्याळाची खरी जन्मपत्रिका मागच्या झाकणाच्या आत आणि यंत्रावर असते. ते झाकण घड्याळजीकडूनच उघडून घ्यावे, घरच्या सुरीने नव्हे. या भावांनी उघडून घेतले, तेव्हा आत इंग्रजीत कोरलेले निघाले: ‘वीस वर्षांची हमी’. भरीव सोन्याला वर्षांची हमी कशाला लागते? हमी असते ती हलक्या धातूवर चढवलेल्या सोन्याच्या पत्र्याची. तो इतकी वर्षे झिजणार नाही एवढेच ती सांगते. गुंठ्यांची मागणी त्याच संध्याकाळी मागे पडली.

चांदीचे ठसे वाचणे अधिक रंजक. चालता सिंह म्हणजे इंग्लंडची चांदी, हजारात 925 भाग शुद्ध. जोडीला नांगर असला तर तपासणी बर्मिंगहॅमची, बिबट्याचे तोंड असले तर लंडनची. जवळचे एकुलते अक्षर तपासणीचे वर्ष सांगते. स्विस चांदीवर उभे अस्वल असेल तर 875, रानकोंबडा असेल तर 800. मात्र हे वय झाकणाचे झाले. जुने यंत्र नव्या झाकणात बसवण्याचे प्रकार सर्रास होत. म्हणून यंत्रावरचा क्रमांकही टिपून घ्यावा. काही कारखान्यांच्या क्रमांकांवरून साल काढता येते.

झाकणावर आगगाडीचे इंजिन कोरलेले असले की ‘आमचे आजोबा रेल्वेत होते’ असे घरची मंडळी मोठ्या अभिमानाने सांगतात. असतीलही. पण रोस्कोफ नावाच्या कारागिराने 1867 च्या सुमारास स्वस्त घड्याळाची जी तऱ्हा काढली, तिच्या असंख्य घड्याळांवर असली इंजिने धावत असत, आणि ती कोणालाही विकत मिळत.

मग मोल ठरते कशाने? 5 मार्च 2009 रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात गांधीजींचे झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला आणि थाळी-वाटी मिळून अठरा लाख डॉलरांना गेली. झेनिथ चांगले घड्याळ खरे, तथापि निव्वळ घड्याळाला एवढा पैसा कोण देतो? ते कोणाच्या कमरेला लटकत होते, त्याची ती किंमत. आपले आजोबा गांधीजी नव्हेत; पण खरेदीची पावती, मूळ डबी, घड्याळासह काढलेला फोटो यांनी साध्या घड्याळाचाही भाव वाढतो. हे काहीच नसेल तर घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला आजच विचारावे आणि सांगतील ते तारखेनिशी लिहून डबीत ठेवावे. झाकणाच्या आत सुईने कोरलेल्या बारीक खुणा दिसल्या तर त्या दुरुस्ती करणाऱ्यांच्या, पुसू नयेत.

आणि विकायचे ठरले तरी घड्याळ आधी झळाळून आणू नये. त्या घासण्यात पहिल्यांदा झिजतात ते ठसेच.