मुलगा अठराच्या आतला आहे, पण कोणत्या कागदावर?

नागपुरात 17 मार्च 2025 ला महाल आणि हंसापुरी भागात हिंसाचार झाला. नंतरच्या धरपकडीत अल्पवयीन मुलंही ताब्यात घेतली गेली. अशी वेळ आली की घरचे आधार कार्ड घेऊन ठाण्यात धावतात. शोधायला हवा तो दुसराच कागद.

बाल न्याय कायदा 2015, कलम 94. वय ठरवताना आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतात. ते नसेल तर महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच हाडांची तपासणी, आणि तिच्यात दोन वर्षांचा फरक सहज पडतो. आधारचं नाव या क्रमात नाहीच. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका अपघात भरपाईच्या खटल्यात आधारपेक्षा शाळेचा दाखला ग्राह्य धरला.

आणि गडबड इथेच होते. पहिलीत लवकर नाव घालायचं म्हणून आपण तारीख वर्षभर मागे ढकलतो, नाहीतर आठवत नाही म्हणून 1 जून सांगून मोकळे होतो. हीच तारीख पुढे सतराच्या पोराला अठराचा करते, मग तो मोठ्यांच्या कोर्टात आणि जेलात. मूल शाळेत आहे तोवरच जन्मदाखला घेऊन मुख्याध्यापकांकडे दुरुस्तीचा अर्ज द्या. वय मोजतात ते घटनेच्या दिवसाचं. अल्पवयीन असल्याचा दावा मात्र कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर करता येतो.

वय मान्य झालं तर मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यात एक तरी महिला. गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामीन हाच नियम. नाकारला तर कारण लिहावं लागतं आणि मुलगा निरीक्षणगृहात जातो, नागपुरात ते पाटणकर चौकात आहे. सोळा पूर्ण झालेल्या मुलावर किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा असेल, तर मंडळ त्याची मानसिक समज तपासून खटला बाल न्यायालयात पाठवू शकतं. म्हणून वकील पहिल्या दिवसापासून हवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो मोफत देतं, हेल्पलाइन 15100.

मोहल्ल्याच्या ग्रुपवर मुलाचा फोटो, नाव, शाळा टाकू नका, मदतीच्या भावनेनेही नाही. ओळख उघड करणाऱ्याला कलम 74 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.