आभाळासकट घर

आमच्या बत्तीस शिराळ्याकडच्या माणसाला मुंबईत घर नसे, खोली असे. तीही एकट्याची नव्हे, गावकऱ्यांची. भिंतीकडेला ट्रंकांची चळत, खुंटीवर वळकट्या, आणि झोपायचे ते पाळीपाळीने. आमचे थोरले चुलते आबा विशीत असताना मशीदबंदरला माथाडीकामाला गेले, तेव्हा त्यांच्या वाट्याला ट्रंकेपुरती जागा आली. झोपायला फुटपाथ! पावसाळ्यात काय करत होतात, असे मी लहानपणी एकदा विचारले होते. "जागं ऱ्हायचं," एवढेच ते म्हणाले.

जून २०१५ मध्ये चार्ल्स कोरिया गेल्याचे वाचले तेव्हा मला का कोण जाणे, आबाच आठवले. वास्तविक या दोघांची गाठ पडण्याचा काही संभव नव्हता. एक घराणे मूळचे गोव्याचे, शिक्षण अमेरिकेतले, कीर्ती जगभर. पणजीची कला अकादमी आणि पुण्याची 'आयुका' ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्यांचा हात ओळखीचा आहे. आणि दुसरा चौथी नापास हमाल. परंतु आबा ज्या फुटपाथवर निजत होते, त्या फुटपाथची चिंता कोरियांनी वाहिली होती.

दादाभाई नवरोजी रस्त्यासाठी त्यांनी एक साधीशी कल्पना मांडली होती. रस्त्याच्या कडेने दोन मीटर रुंद, गुडघाभर उंचीचा ओटा बांधायचा. मधूनमधून पाण्याचे नळ ठेवायचे. दिवसा ओट्यावर फेरीवाले बसतील, चालणाऱ्यांची वाट मोकळी राहील. तिन्हीसांजेला नळ सोडून ओटा स्वच्छ धुवायचा आणि रात्री बेघरांनी त्यावर अंथरूण पसरायचे. शहर सुधारायचे म्हटले की आपण बहुतेक जण आधी कोणाला हटवायचे याची यादी करू लागतो. हा गृहस्थ माणसांना बसवायचे कुठे, निजवायचे कुठे, इथून आरंभ करतो! अर्थात ती योजना कागदावरच राहिली.

१९६५ साली 'मार्ग' त्रैमासिकात प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर त्यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याचा विचार मांडला. तो मात्र सरकारने उचलला. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे पहिले मुख्य वास्तुशिल्पी झाले. सरकारी कचेऱ्याच पलीकडे न्याव्यात, म्हणजे माणसे आपोआप मागे जातील, असा त्यांचा हिशेब होता. मंत्रालय काही दक्षिण मुंबईतून हलले नाही. पुढे घाऊक बाजार हलले, आणि कांद्याच्या गोणीपाठोपाठ आमचे आबा हलले. आज ते कोपरखैरण्याला लेकाकडे असतात. गिरण्यांच्या जमिनींबाबत मात्र कोरियांना फारसे यश आले नाही. त्यांच्या समितीने १९९६ मध्ये अहवाल दिला. २००१ मध्ये नियमच असा बदलला की मैदानांच्या आणि गोरगरिबांच्या घरांच्या वाट्याला येणारी जमीन पुष्कळ घटली. परळ-लालबागला आमच्या तालुक्याची कितीतरी माणसे राबली आहेत. तिथले मनोरे मला अजून पाहवत नाहीत.

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी आबांना घेऊन बेलापूरला गेलो. १९८३ ते ८६ या काळात कोरियांनी तिथे बांधलेली वसाहत मला पाहायची होती. रचना मोठी समजुतीची. सात घरांचा एक पुंजका, मध्ये आठ मीटर लांबी-रुंदीचे सामाईक अंगण. असे तीन पुंजके मिळून आणखी मोठे अंगण. घरे बैठी, कौलारू, गवंड्याला सहज बांधता येतील अशी. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, कारण पुढेमागे खोली वाढवायची तर शेजाऱ्याची मनधरणी करावी लागू नये!

पण पाहतो तो काय, कौलांची घरे शोधावी लागत होती. जागोजाग तिमजली काँक्रीट, जाळीच्या गॅलऱ्या, संगमरवरी फरश्या. कुठे कुठे घराचे खाजगी अंगणही छपराखाली गेलेले. माझा विरस झाला. 'काय करून टाकले लोकांनी!' असे मी बोलूनही गेलो.

"आरं, पोरगं वाढलं की अंगरखा दुसरा शिवावाच लागतुया," आबा म्हणाले. "घर वाढलं, म्हंजी मानसं टिकली न्हवं?"

मी गप्प झालो. सामाईक भिंत टाळणाऱ्या माणसाला हेच तर हवे होते! छपराखाली गेलेल्या अंगणांचे मला अजूनही वाईट वाटते. पण ते वाईट वाटणे माझ्यासारख्या पाहुण्याचे आहे.

घरे बदलली तरी मधली अंगणे मात्र जागच्या जागी होती. एका अंगणात मुले किल्ला करत होती. पाराशी बायका फराळाचे डबे घेऊन बसल्या होत्या. आबांनी चपला काढल्या आणि कडेच्या कट्ट्यावर टेकले. मीही शेजारी बसलो आणि फुटपाथवरच्या त्या ओट्याची हकिगत त्यांना सांगितली. ते बराच वेळ किल्ल्याकडे पाहत राहिले.

"नळ बी हुता म्हनतोस त्यात?"

"होता. कागदावर."

"नळ हुता," आबा स्वतःशीच म्हणाले, आणि हात पालथा करून त्यांनी कट्ट्यावरची धूळ झटकली.