तीन महिन्यांत न दिसणारं वर्ष

ऑगस्ट-सप्टेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत बसा. "चक्कर येऊन राह्यली, मळमळ करते," असं म्हणत एखादा शेतमजूर आला, की मुरलेला डॉक्टर आधी विचारतो, "भाऊ, फवारणी केली का?" मग डोळ्यांच्या बाहुल्या बघतो. त्या टाचणीच्या टोकाएवढ्या आकसल्या असतील, लाळ गळत असेल, अंग घामानं भिजलं असेल, तर विषबाधा धरूनच चालायचं. कपडे उतरवून साबणानं अंग धुवायचं, ॲट्रोपिन सुरू करायचं आणि १०८ ला फोन लावायचा. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात अशा विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं दगावली, शेकडो भरती झाली. कपाशी पुरुषभर वाढलेली, त्यामुळे फवारा थेट तोंडावर येत होता.

'काल शेतात काय केलं?' हा प्रश्न कुटुंबवैद्यकाचा गाभा आहे. फॅमिली मेडिसिनचा हा विषय घेऊन डीएनबी हे पदव्युत्तर शिक्षण करता येतं, तीन वर्षांचं. एमडीची सोय मात्र मोजक्याच ठिकाणी आहे. कोझिकोडच्या सरकारी महाविद्यालयानं ती देशात आधी सुरू केली. २००२ आणि २०१७ च्या दोन्ही राष्ट्रीय आरोग्य धोरणांनी या शाखेची गरज मांडली. कागदावर कौतुक भरपूर, जागा तुटपुंज्या.

मग खेड्यातलं शिक्षण मिळतं कुठे? इंटर्नशिपमध्ये थोडं, सरकारी सेवेच्या बंधपत्राच्या वर्षात थोडं. शिवाय २०२० च्या नियमानुसार एमडी-एमएसच्या निवासी डॉक्टरांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. योजना चांगलीच आहे. पण यवतमाळचं आजारपण पिकाच्या पंचांगानं चालतं. पेरणीपासून सर्पदंश, पोळ्याच्या आगेमागे फवारणी, दिवाळीनंतर वेचणीला वाकून धरलेल्या कमरा, पुसद-उमरखेडकडच्या तांड्यांवरून बाहेरगावी कामाला गेलेली आणि औषधं अर्धवट सुटलेली माणसं. जूनमध्ये आलेला निवासी डॉक्टर ऑगस्टअखेर परततो. साप बघतो, बोंडं बघत नाही.

सिकलसेलचंच घ्या. झरी-जामणीकडच्या एखाद्या कोलाम पोडावरचं, म्हणजे वस्तीवरचं, पोरगं 'हातपाय ठणकतात' म्हणून येतं. वेदनाशामक गोळी देऊन पाठवणं सोपं. सोल्युबिलिटी चाचणी करायची, ती पॉझिटिव्ह आली तर पक्क्या निदानासाठी नमुना पुढे पाठवायचा, भावंडं तपासायची, हायड्रॉक्सीयुरिया सुरू झालं की पोरगं पुन्हा येतंय का हे आशाताईंकडून कळत ठेवायचं, हे काम वर्षानुवर्षांचं. पण केसपेपर दर वेळी नवा निघतो. आधीचं सगळं डोक्यात असतं ते सिस्टरच्या.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाची मुलं गावात मुक्कामाला जातात आणि गाव दत्तक घेतात. संस्था १९६९ ची, त्यामुळे आता हे तिथे अंगवळणी पडलंय. यवतमाळातही १९८९ पासून वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या निवासी डॉक्टरांना सलग तीन महिन्यांऐवजी तीन वर्षं, आठवड्यातून एक दिवस, एकाच आरोग्य केंद्रात बसवलं तर? गाडीचा खर्च येईल, वॉर्डातले वरिष्ठ कुरकुरतील. खरी अडचण वेगळीच आहे. केंद्रात शिकवणार तो तिथला वैद्यकीय अधिकारी. त्याच्या दाराशी सकाळपासून रांग असते, दुपारी लसीकरण, संध्याकाळी अहवाल. शिकवण्यासाठी त्याला ना वेळ, ना मानधन.